‘संध्याकाळी या, भेट घालून देतो’: केपटाऊनच्या एका २३ वर्षांच्या सेक्रेटरीचं प्रकरण

प्रकरण अभ्यास लिहिताना आपण नावं बदलतो, गाव बदलतो, म्हणजे कुणाला त्रास नको. इथे मी साध्या माणसांची नावं कुठेच घेतलेली नाहीत, पण मधल्या माणसाचं नाव मात्र मुद्दाम तसंच ठेवलंय, कारण १९६० च्या दक्षिण आफ्रिकेचं नाव काढलं की सगळ्यांना शार्पव्हिलचा गोळीबार आठवतं आणि हा पोरगा कुणाला आठवत नाही. फिलिप खोसाना. इंग्रजीत त्याचं आडनाव के आणि जी जोडून लिहितात, उच्चार ‘ख’च्या जवळपासचा आहे म्हणून मी खोसाना लिहितोय.

पोलीस अधिकाऱ्याच्या एका शब्दावर या पोराने ३०,००० माणसांचा मोर्चा घरी परत पाठवला, त्याचं हे प्रकरण. तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी ते बऱ्याचदा घेतो. दर वेळी निम्मे लोक म्हणतात तो फसला, निम्मे म्हणतात त्याने हजारो जीव वाचवले. मला दोन्ही खरं वाटतं. पण माझा खरा मुद्दा तिसराच आहे आणि तो त्याच्या पक्षाबद्दल आहे, तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

आधी पास म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागेल, नाहीतर एवढी माणसं रस्त्यावर का आली ते कळणार नाही. १९५२ च्या कायद्याने १६ वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाला एक पुस्तिका सतत अंगावर बाळगणं सक्तीचं झालं, पुढे ती बायकांवरही लादायला सुरुवात झाली. त्यात फोटो, शिक्के, मालकाची दर महिन्याची सही. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणायचे, म्हणजे मूर्खाचा पास. पोलिसाने रस्त्यात अडवलं आणि पुस्तिका घरी राहिली असेल, किंवा मालकाने त्या महिन्याची सही केलेली नसेल, तर सरळ आत. दूध आणायला दहा पावलं गेलेला माणूस संध्याकाळी घरी आलाच नाही असं सर्रास व्हायचं.

केपटाऊनमध्ये तर जास्तच कडक. तो पट्टा सरकारने मिश्रवंशीय लोकांच्या मजुरीसाठी राखीव ठरवलेला, आणि काळ्यांना तिथून हळूहळू बाहेर काढायचं हे उघड धोरण होतं. शहरात राहायचा हक्क कुणाला, तर जो तिथेच जन्मला, किंवा एकाच मालकाकडे सलग १० वर्षं राबला, किंवा शहरात कायदेशीरपणे सलग १५ वर्षं काढली. बाकीच्यांना परवान्याशिवाय फक्त ७२ तास. म्हणून लांगा नावाच्या वस्तीत पुरुषांसाठी हॉस्टेलं होती, ‘बॅचलर’ म्हणायचे त्यांना, पण त्यातले कितीतरी लग्न झालेले, बायकापोरं शेकडो मैल लांब ट्रान्सकायमध्ये. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेले आणि खानावळीवर जेवून गाळ्यात पथारी टाकणारे चाकरमानी आठवा, आणि त्यात भर घाला की बायकोला भेटायला बोलावलं तर तिलाच अटक होऊ शकते.

याच हॉस्टेलात राहायला आला फिलिप. जन्म १९३६ चा, प्रिटोरियाच्या उत्तरेकडचं माकापानस्टॅड नावाचं गाव, शाळा प्रिटोरियात. १९५९ मध्ये केपटाऊन विद्यापीठात अर्थशास्त्र वगैरे शिकायला आला, शिष्यवृत्तीवर, पण ती पुरायची नाही म्हणून ‘कॉन्टॅक्ट’ नावाचं एक वर्तमानपत्र कमिशनवर विकायचा. सकाळी टेबल माउंटनच्या उतारावरच्या गोऱ्यांच्या विद्यापीठात लेक्चर आणि रात्री लांग्याच्या खोलीत कष्टकऱ्यांच्या मध्ये झोपायचं. मला वाटतं त्याचं पुढचं सगळं याच रोजच्या ये-जा करण्यातून घडलं. विद्यापीठात राहिला असता तर भाषणं चांगली केली असती पण ३०,००० माणसं त्याच्या एका शब्दावर वळली नसती.

आता पक्ष. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस, सगळे पीएसी म्हणतात. ६ एप्रिल १९५९ ला सोवेटोच्या ऑर्लांडो भागात स्थापन झाला, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधून फुटून. भांडण कशावरून, तर मूळ संघटनेवर गोऱ्या आणि कम्युनिस्ट मित्रांचा प्रभाव फार झालाय, जमीन कुणाची हा प्रश्न पातळ केलाय, असं यांचं म्हणणं. घोषणा ‘इझ्वे लेथु’, म्हणजे आमची भूमी. अध्यक्ष रॉबर्ट सोबुक्वे, विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकन भाषा शिकवणारे, वय ३५ च्या आसपास. नजर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानाकडे, तिथले नेते एन्क्रुमा यांच्याकडे. १९५८ च्या डिसेंबरात घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, सगळ्या आफ्रिकेची परिषद झाली होती आणि तिथून सगळा खंड १९६३ पर्यंत मोकळा करायचा आणि पुढे एकसंध आफ्रिका उभी करायची असं वारं आलेलं. सोबुक्वेंचा आफ्रिकन कोण याबद्दलचा विचार लोक समजतात तसा कातडीवर अडलेला नव्हता. ज्याची निष्ठा फक्त आफ्रिकेशी आणि ज्याला बहुमताचं राज्य मान्य तो आफ्रिकन, आणि वंश एकच, माणसाचा, अशी त्यांची मांडणी.

पक्ष नवा, पैसा नाही, कार्यकर्ते तरुण. फिलिप १९५९ च्या अखेरीस पक्षाच्या परिषदेला जाऊन आला आणि लगेच पश्चिम केपचा विभागीय सेक्रेटरी झाला. वय २३. अभ्यास मागे पडला. आपल्याकडे कॉलेजातल्या पोराला तालुक्याचं पद देतात आणि सहा महिन्यांत निवडणूक लागते, तसंच.

अडचण

सोबुक्वेंनी १८ मार्च १९६० ला जाहीर केलं की सोमवारी २१ तारखेपासून पासविरोधी मोहीम. पास घरी ठेवायचा, जवळच्या पोलीस ठाण्यावर जायचं, म्हणायचं आमच्याकडे पास नाही, पकडा. जामीन नाही, वकील नाही, दंड नाही. तुरुंग भरले की कारखाने बंद पडतील आणि सरकारला बोलावं लागेल. अहिंसा पूर्ण, त्यावर काही वाद नको. आणि नेते सगळ्यात पुढे.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. नेते सगळ्यात पुढे. ऐकायला फार छान, मलाही ते आवडतं, जो माणूस लोकांना तुरुंगात जा म्हणतो त्याने आधी जावं हे बरोबरच आहे. पण त्याचा हिशोब असा झाला की पहिल्याच दिवशी सोबुक्वे आणि त्यांच्याबरोबरचे वरचे बहुतेक नेते आत गेले, आणि त्यांच्या मागे कोण, काय ठरवायचं, कुणाला विचारायचं, याची काहीच तजवीज नव्हती. सगळ्यांनी एकदमच आत जायचं असा बेत होता म्हटल्यावर बाहेर राहिलेल्याने काय करायचं हा प्रश्नच कुणी धरला नव्हता.

बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवशी प्रतिसाद थोडा होता. दोन ठिकाणी मात्र पेटलं. एक शार्पव्हिल, जिथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली, कितीतरी पाठीत गोळ्या लागून. दुसरं केपटाऊन.

लांग्यात त्या दिवशी सकाळी हजारो लोक जमले होते. पोलिसांचा पवित्रा बघून फिलिपने लोकांना ठाण्याकडे नेलंच नाही, संध्याकाळी परत जमू असं सांगून घरी पाठवलं. संध्याकाळी लोक आले, पोलिसांनी आधी लाठ्या आणि मग गोळ्या चालवल्या, माणसं मेली. आणि त्याच रात्री भडकलेल्या जमावाने इमारती जाळल्या आणि एका वृत्तपत्राच्या गाडीच्या ड्रायव्हरला ठार मारलं, बिचारा पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा. म्हणजे एकाच दिवसात त्या पोराने दोन्ही बघितलं, सरकार काय करू शकतं आणि आपलीच माणसं काय करू शकतात. पुढचे त्याचे निर्णय समजायचे असतील तर ही रात्र विसरून चालत नाही.

त्यानंतर संप. केपटाऊनचे काळे कामगार जवळजवळ सगळे घरी बसले, गोदीत माल पडून, दूध वाटायला माणूस नाही. मागण्या अगदी थोडक्यात: पास रद्द करा, महिन्याला किमान ३५ पौंड पगार, आणि संपात उतरलेल्या कुणालाही कामावरून काढायचं नाही.

२५ मार्च: जो डाव जमला

३० तारखेचं कोडं सोडवायची चावी खरं तर पाच दिवस आधीच्या घटनेत आहे. २५ तारखेला फिलिप काही हजार लोक घेऊन शहरातल्या कॅलेडन स्क्वेअरच्या पोलीस मुख्यालयावर गेला, पकडा आम्हाला म्हणून. पोलिसांनी त्यालाच आत घेतलं आणि बाहेर लोक वाढतच गेले. मध्ये पडला पॅट्रिक डंकन, गोरा, एका माजी गव्हर्नर जनरलचा मुलगा, लिबरल पक्षाचा, ‘कॉन्टॅक्ट’ त्याचंच. गांधींच्या विचाराचा माणूस, १९५२ च्या कायदेभंगात तो गांधींचे चिरंजीव मणिलाल यांच्या बरोबर तुरुंगात गेला होता. त्याने पोलीसप्रमुख कर्नल टेरब्लान्श यांच्याशी बोलून मार्ग काढला. फिलिप सुटला, टेरब्लान्शनी काही आठवडे शहरात पास मागणार नाही असं सांगितलं, लोक शांतपणे परत गेले. आणि दुसऱ्या दिवशी सरकारने देशभरच पासच्या अटका तात्पुरत्या थांबवल्या!

विचार करा, २३ वर्षांच्या पोराने पोलिसांशी पहिल्यांदा वाटाघाट केली आणि शब्द पाळला गेला. एवढंच नाही तर मागितल्यापेक्षा जास्त मिळालं. त्याच्या डोक्यात काय बसलं असेल? की लोक शांत ठेवले, टेरब्लान्शशी सरळ बोललं, की काम होतं.

३० मार्च

३० तारखेला सरकारने आणीबाणी लावली. पहाटे पोलीस लांग्यात आणि शेजारच्या न्यांग्यात घुसले, हॉस्टेलांच्या खोल्यांतून माणसं ओढून काढून मारली, कामावर जा म्हणून, आणि पुढारी उचलले. यावर लोकांनी काय केलं, तर कुणी आदेश न देता चालायला लागले. शहराकडे. आधी शेकडो, मग हजारो. फिलिपने हा मोर्चा काढलेला नाही हे महत्त्वाचं आहे, त्याला बातमी कळली तेव्हा मोर्चा निघालेला होता, तो मागून धावपळ करत पुढे पोचला. अंगावर हाफपँट. त्या दिवसाच्या फोटोंमध्ये तो तसाच दिसतो, सडपातळ, शाळकरी वाटावा असा पोरगा, उघडे गुडघे, आणि त्याच्या मागे नजर पोचेल तिथपर्यंत डोकी.

वाट १२ किलोमीटरच्या आसपास. शेवटचा टप्पा डोंगराच्या कडेने जाणारा मोठा रस्ता, तेव्हाचं नाव डी वाल ड्राइव्ह, खाली शहर आणि समुद्र, वर टेबल माउंटन. जिथे रस्ता डोंगराला भिडतो तिथून जवळच त्याचं विद्यापीठ. सर्वसाधारण अंदाज ३०,००० लोकांचा, काहीजण याहून खूप जास्त सांगतात. वरून हेलिकॉप्टर. संसदेचं अधिवेशन चालू, आणि संसदेभोवती सैनिक आणि चिलखती गाड्या.

समोरचे पर्याय

आता इथे थांबून मी शिबिरात सगळ्यांना कागद देतो आणि म्हणतो, लिहा, तुम्ही काय कराल. त्याच्यासमोर साधारण हे होतं.

संसदेवर जायचं. लोकांच्या मनात तेच होतं. बातमी जगभर गेली असतीच, पण समोर बंदुका होत्या, शार्पव्हिलला नऊच दिवस झालेले, आणि मागे ३०,००० निःशस्त्र माणसं. डोंगराच्या रस्त्यावरून उतरलेला एवढा मोठा जमाव अरुंद गल्ल्यांत अडकला की मागे पळायलासुद्धा जागा नसते. आणि सोबुक्वेंचा अहिंसेचा आदेश तर होताच.

हा पर्याय त्याने वाटेतच सोडला. रोलँड स्ट्रीटपाशी त्याने मोर्चा संसदेकडे न नेता कॅलेडन स्क्वेअरकडे वळवला, त्याच पोलीस मुख्यालयाकडे. माझ्या मते हा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय आणि सगळ्यात बरोबर निर्णय. यावर शिबिरात कुणी वाद घातला तर मी पूर्ण ताकदीने भांडतो.

दुसरा पर्याय, मुख्यालयासमोर बसून राहायचं. आमचे पुढारी सोडा, मंत्री इथे येऊ दे, मग उठतो. आपल्याकडे याला ठिय्या म्हणतात. यात अडचण अशी की ना पाणी, ना अन्न, ना संध्याकाळची सोय, पहाटे मार खाल्लेली माणसं, आणि अंधार पडल्यावर २१ तारखेच्या रात्रीसारखं काही झालं तर आवरणार कोण? स्वयंसेवकांची फळी नव्हतीच.

तिसरा, थोडे लोक ठेवून बाकीच्यांना पाठवायचं. चौथा, शब्दावर विश्वास ठेवून सगळ्यांना घरी न्यायचं.

काय केलं

टेरब्लान्श आणि फिलिप समोरासमोर बोलले. वरून बळ वापरायचा हुकूम होता आणि टेरब्लान्शनी तो अंमलात आणला नाही असं नंतर सांगितलं गेलं, आणि त्यांनी त्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना केली होती असंही. मला हा माणूस खोटा वाटत नाही. फिलिपची मागणी, पकडलेल्या पुढाऱ्यांना सोडा आणि आम्हाला न्यायमंत्र्यांची भेट द्या. न्यायमंत्री इरॅस्मस. टेरब्लान्शचं म्हणणं, लोकांना आधी परत पाठव, संध्याकाळी तू शिष्टमंडळ घेऊन ये, भेट घालून देतो.

फिलिपने मान्य केलं. पोलिसांच्याच लाऊडस्पीकरवरून लोकांना सांगितलं की भेट ठरली आहे, शांतपणे घरी चला. आणि ३०,००० लोक वळले. ही गोष्ट कितीदा सांगितली तरी माझ्या अंगावर काटा येतो. एक दगड नाही, एक काच नाही. पहाटे ज्यांना काठ्या बसल्या होत्या तीच माणसं, आली त्याच वाटेने परत १२ किलोमीटर.

संध्याकाळी फिलिप ठरल्याप्रमाणे गेला. मंत्री भेटले नाहीत. न्याय खात्याच्या सचिवाने भेट होणार नाही असं सांगितलं आणि तिथेच त्याला आणीबाणीच्या नियमांखाली अटक झाली.

पुढे काय झालं

लष्कर आणि पोलिसांनी लांगा आणि न्यांगा वेढून टाकलं. आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही. पुढच्या काही दिवसांत घरोघरी शिरून मारहाण करून संप मोडला. ८ एप्रिलला पीएसी आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस दोन्हींवर बंदी आली, पासही पुन्हा सुरू झाले. देशभर १८,००० च्या वर लोक आणीबाणीत पकडले. सोबुक्वेंना तीन वर्षांची शिक्षा झाली, ती संपली तेव्हा फक्त त्यांच्यासाठी कायद्यात कलम घालून त्यांना रॉबेन बेटावर १९६९ पर्यंत ठेवलं, आणि १९७८ मध्ये किम्बर्लीत नजरकैदेतच ते गेले.

फिलिप जवळपास नऊ महिने तुरुंगात, मग जामिनावर सुटला आणि १९६० च्या अखेरीस देश सोडून निघून गेला. ‘जामीन नाही’ म्हणणाऱ्या पक्षाचा माणूस जामिनावर सुटून पळाला असं बोलणारे तेव्हाही होते. मला ते अन्यायाचं वाटतं. पक्षावर बंदी, नेते आत, खटला चालू, आणि तो आत बसून कुणाला काय उपयोगाचा होता?

त्याच्या करिअरचा पुढचा भाग मी भराभर सांगतो कारण त्यात पक्ष फारसा नाहीच, आणि हाच तर मुद्दा आहे. परदेशात पीएसी आपापसात भांडत राहिली, बासुटोलँडमध्ये (आताचं लेसोथो) बसलेल्या पोटलाको लेबालो यांच्या नेतृत्वाशी त्याचं फाटलं. इथिओपियात लष्करी प्रशिक्षण घेतलं, तिथेच अदिस अबाबाला राहिलेली पदवी पूर्ण केली. नंतर युनिसेफमध्ये नोकरी, युगांडा, श्रीलंका वगैरे ठिकाणी वर्षानुवर्षं. मुलांच्या लसी, पाणी, शाळा. चांगलं काम, मन लावून करायचं काम, पण ज्या माणसाच्या एका हाकेवर केपटाऊन वळलं त्याच्या राजकीय गुणांचा त्याच्या देशाला ३५ वर्षं उपयोग झाला नाही. १९९६ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर तो मायदेशी परतला. तोवर पहिली निवडणूक होऊन गेलेली, १९९४ ला पीएसीला १.२५ टक्के मतं आणि ५ जागा. २०१७ च्या एप्रिलमध्ये फिलिप गेला, आणि त्याच वर्षी डी वाल ड्राइव्हला त्याचं नाव द्यायचं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

इथे मी जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, शब्द देणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघणं. २५ तारखेला टेरब्लान्शनी जे कबूल केलं ते त्यांच्या हातातलं होतं, एका माणसाला सोडायचं आणि आपल्या शिपायांना पास मागू नका म्हणायचं. ३० तारखेला त्यांनी कबूल केली मंत्र्याची भेट. मंत्री त्यांच्या हाताखाली होता का? नाही, ते मंत्र्याच्या हाताखाली होते. माणूस तोच, आवाज तोच, बहुतेक प्रामाणिकपणाही तोच, पण दुसऱ्या वेळी तो दुसऱ्याच्या खिशातले पैसे देत होता. फिलिपने माणूस ओळखला, त्याचा अधिकार मोजला नाही. आणि दमलेल्या, रात्रभर धड न झोपलेल्या पोराने दहा बंदुकांसमोर हा फरक पकडायला हवा होता असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या बाजूला उभं राहून कानात हे सांगणारा एक पन्नाशीचा माणूस हवा होता.

दुसरी, लेखी. आपल्याकडे साधा ग्रामपंचायतीवरचा मोर्चा असला तरी म्हातारी माणसं विचारतात, पोच घेतली का? लेखी आश्वासनाशिवाय उठायचं नाही हे आपल्या चळवळींच्या हाडात भिनलंय, आणि ते उगाच नाही. मी २४ वर्षांचा असताना वसतिगृहाच्या प्रश्नावर एका कचेरीच्या गेटवर चारशे मुलं घेऊन बसलो होतो. साहेबांनी आम्हा पाच जणांना आत बोलावलं, चहा दिला, निवेदन वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले मुलांना उन्हात कशाला बसवता, पाठवा घरी, सोमवारी आदेश काढतो. मी बाहेर येऊन मुलांना पाठवलं. सोमवारी साहेब रजेवर. पुढच्या वेळी हाक दिली तेव्हा गेटवर साठ मुलं होती. त्यामुळे फिलिपला नावं ठेवणाऱ्यांचं तोंड मला बघवत नाही, आमच्या समोर तर बंदूकही नव्हती.

पण लेखी मिळालं असतं तरी सरकारने ते पाळलं असतं का? याचं उत्तर त्याच देशात ५२ वर्षं आधी मिळालेलं होतं. जानेवारी १९०८ मध्ये गांधी आणि ट्रान्सवालचे मंत्री स्मट्स यांच्यात समझोता झाला, तिथल्या भारतीयांनी आपणहून नोंदणी करायची आणि सक्तीच्या नोंदणीचा ‘काळा कायदा’ मागे घेतला जाईल. गांधींनी आधी नोंदणी केली, त्यापायी १० फेब्रुवारीला आपल्याच माणसाचा मार खाल्ला, आणि स्मट्सनी कायदा मागे घेतलाच नाही. इथवर गोष्ट फिलिपसारखीच. पुढे मात्र वेगळी आहे. १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात लोक परत जमले आणि दोन हजारांच्या वर नोंदणीचे दाखले कढईत घालून जाळले. शब्द मोडला तर काय करायचं हे लोकांच्या हातात शिल्लक होतं, दाखला प्रत्येकाच्या खिशात होता. फिलिपच्या हातात मात्र एकच गोष्ट होती, ती गर्दी, आणि ती त्याने आधीच देऊन टाकली. परत बोलवायची सोय त्याच रात्री वेढ्याने संपली.

म्हणून तिसरी गोष्ट मी अशी सुचवतो: एकदम सगळे परत पाठवायचे नव्हते. भेट होईपर्यंत हजार-दोन हजार माणसं मुख्यालयासमोर, बाकीचे वस्तीत, आणि आत कुणीतरी दुसरा. आत जाणारा आणि बाहेर लोक सांभाळणारा एकच माणूस असला की त्याला अटक केली म्हणजे सगळंच संपतं. डंकनसारखा साक्षीदार, दोन वार्ताहर, एखादा विरोधी खासदार, यांच्यासमोर वेळ ठरवून घेता आली असती. यातलं काहीही केलं असतं तरी वेढा पडलाच असता असं म्हणणारे असतात, आणि असेलही. पण सरकारला दोन-तीन दिवस जास्त लागले असते, आणि त्या आठवड्यात सगळं जग बघत होतं.

आणि आता पक्ष. वर म्हटलं तसं, माझा खरा राग तिकडे आहे. नेते सगळ्यात पुढे हे तत्त्व म्हणून पवित्र आहे, पण त्याबरोबर एक कागद हवा होता, ज्यावर लिहिलेलं असतं की पहिली फळी गेल्यावर दुसरी कोण, कुणाला वाटाघाट करायचा अधिकार आहे, किती मिळालं तर थांबायचं. असा कागद नसताना एका विद्यार्थ्याला तुम्ही विभागाचा सेक्रेटरी केलंत, नऊ दिवसांत त्याच्यावर दोन हत्याकांडांचं, एका संपाचं आणि ३०,००० जिवांचं ओझं पडलं, आणि नंतर हरल्याचा हिशोब मात्र त्याच्या नावावर लावलात. हे आपल्याकडेही चालतं. पोस्टर लावायला पोरं, मोर्चात पुढे पोरं, गुन्हे पोरांच्या नावावर, आणि चुकलं की ‘अनुभव कमी पडला’. अनुभव कमी होता तर अनुभवी माणूस कुठे होता?

एका शिबिरात एका कार्यकर्तीने असा प्रश्न काढला जो माझ्या यादीत नव्हता. ती म्हणाली, हे लोक सकाळी कुणीही न सांगता स्वतः निघाले होते, मग परत जायचं की नाही हे त्यांना का नाही विचारलं? लाऊडस्पीकर तर हातात होता. कुणी म्हणालं, ३०,००० लोकांना विचारणार कसं, कुणी म्हणालं, हॉस्टेलच्या प्रत्येक झोनचा एकेक माणूस पुढे बोलावता आला असता, अर्धा तास लागला असता फार तर. त्यावर एकजण उसळून बोलला की तो अर्धा तास टेरब्लान्शनी दिला असता का. जेवायची वेळ टळून गेली तरी वाद चालूच होता आणि फळ्यावर आम्ही लांग्याचे झोन, रोलँड स्ट्रीट आणि कॅलेडन स्क्वेअर खडूने काढून बसलो होतो.